अकरावा तास

जिलीबमध्ये, हसावीच्या मागच्या गल्लीत,
सहा खाटांच्या खोलीत गुरुवारी रात्री
शास्त्र उघडायचं म्हणजे आधी
कांद्याची टोपली आणि कुणाचे तरी मोजे बाजूला सारायचे.

रणपिसेमामा नेवाशाचे. परांचीवर एकोणीस वर्षं.
चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली.
म्हणतात, घाई करू नका रे.
परांची तपासतो तशी खालून सुरुवात करा,
एकेक क्लॅम्प हातानं हलवून बघा.
शब्द ढिला वाटला तर तिथंच थांबा,
वर चढू नका.

मी लहानपणी वचनं पाठ केली ती कंपासपेटीसाठी.
अध्याय, आकडा, पूर्णविराम, टाळ्या.
पेटी मिळाली. कर्कटक अजून आहे घरी.

आज द्राक्षमळ्याची गोष्ट निघाली.
मालक पहाटे मजूर आणतो, मग उन्हं चढल्यावर,
मग पुन्हा, आणि अकराव्या तासालाही
चौकात जाऊन उरलेल्यांना घेऊन येतो,
आणि दिवस मावळता सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी.

एर्विन म्हणाला, उन्हाळ्यात अकरा वाजता
कामच बंद असतं, सरकारी नियम आहे.
आम्ही हसलो. मामा नाही हसले.
तुझं घड्याळ काढून ठेव, म्हणाले,
त्यांचा सूर्य उगवला तिथून मोज.
आम्ही बोटांची पेरं मोजली.
संध्याकाळचे पाच.
म्हणजे तासभरच उरलेला.

आईच्या जुन्या प्रतीत मजुरी रुपयात होती,
कुंजुमोनच्या मल्याळम प्रतीत चांदीचं नाणं.
मामांच्या प्रतीत समासात, मुंगीएवढ्या अक्षरात,
मूळचं रोमी नाव.
मोझेसनं खिशातून एक दिनार काढून दिव्याखाली धरला:
ह्याचाच खापरपणजोबा की!
नोट हातोहात फिरली, आणि मोजून परत घेतली त्यानं.

मोझेस उजागरे आमच्या साइटचा टाइमकीपर.
तोच मग तापला. हे काही बरोबर नाही.
बारा तास घाम गाळणाऱ्यानं काय करायचं?
मी असा पगार वाटला तर कॅम्प पेटेल.
सगळ्यांनी माना हलवल्या.
माझा तर मार्चचा ओव्हरटाइम कापलेला.
मी सुताराच्या पेन्सिलीनं समासात लिहिलं: अन्याय?

दाराशी येसुरत्नम बसला होता.
कोनसीमेचा. कंपनी बुडाली, पासपोर्ट कुणाकडं माहीत नाही,
पहाटे चारपासून राउंडअबाऊटवर उभा असतो.
आमच्याकडं येतो ते इथला एसी चालतो म्हणून,
असं आम्ही धरून चाललो होतो.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
पाचवाला माणूसपण सकाळपासूनच उभा असेल ना?

आम्ही पान मागं उलटलं.
होतं. लिहिलेलं होतं.
मालक विचारतो, का उभे?
ते म्हणतात, कुणी लावलंच नाही कामाला.
तीनदा मोठ्यानं वाचलं होतं आम्ही, तीन भाषांत,
आणि तिन्ही वेळा
पिकअप त्या माणसावरून न थांबता गेली होती.

मग तो बोलत राहिला, आमच्याकडं न बघता.
गाडी हळू झाली की पोट आत घ्यायचं.
पांढरे केस टोपीखाली ढकलायचे.
दुपारनंतर गाड्याच येत नाहीत,
तरी उभं राहायचं,
कारण खोलीवर गेलं की
घरून फोन येतो.

मामांनी चष्मा काढून बनियनला पुसला.
मोझेस म्हणाला, तरी पण
आणि पुढचं काही म्हणाला नाही.
कुंजुमोननं चहा टाकला.
समासातलं मी खोडलं नाही.

निघताना येसुरत्नम चपला घालता घालता थबकला.
मग दुसऱ्या दिवशी?
त्या पाचच्या माणसाला दुसऱ्या दिवशी
कुणी नेलं का?

मामांनी चष्मा परत चढवला,
बोट ओळीवर ठेवून पान उलटलं,
खालपर्यंत गेले, आणखी एक पान.

पुढं दुसरीच गोष्ट सुरू झाली होती.